पेपरालाच बाद देनारे भानुदास भावजी

आमची नात टीव्हीवर कबड्डी बघत बसती. म्या भाकरी थापता थापता कान लावून असते. परवा एका गड्याला पंचानं बाद दिलं, तर त्या गड्याच्या टोळीनं तकरार केली. मंग खेळ थांबला, तेच परत सावकाश दाखवलं, आन् पंचानं आपलाच फैसला फिरवला. नात म्हनली, आजी, आता आसंच असतंय, पंच चुकला तर त्येला सांगता येतंय. म्या म्हनलं, बाई, आमच्या शेजारच्या भानुदास भावजीनं हे कवाच काढलं व्हतं. फकस्त त्यायच्याजवळ टीव्ही नव्हता, तोंड व्हतं.

भावजी आमच्या भितीला भीत लावून ऱ्हायचे. माझ्या मालकापेक्षा ल्हान, म्हनून मला वैनी म्हनायचे. उंच, वाळकं अंग, आन् मान कायम खाली. लाजरे म्हनून न्हाई. कुनाशीबी बोलताना ते त्या मानसाच्या पायाकडं बघायचे. पाय कुठं पडला, बोट कुठं टेकलं, टाच उचलली का. नव्या सुनंला वाटायचं, माझ्या जोडव्याकडं कशापायी बघतोय ह्यो मानूस. मंग सासू सांगायची, भिऊ नको, त्यो पंच हाय, त्येला सगळीकडं रेघाच दिसत्यात.

तरनेपनी ते कबड्डी लई खेळले. एका पकडीत गुडघा पिरगाळला तवापून एक पाय वढत चालायचे. खेळ सुटला पर मैदान सुटंना. मंग त्यायनं ठरवलं, आपुन पंच व्हायचं. गावातल्या गावात शिट्टी कोनीबी फुकतंय, पर मोठ्या सामन्यात उभं ऱ्हायचं तर जिल्ह्याची पंचाची परीक्षा पास व्हावी लागायची. आदी खेळाच्या कायद्याचा लेखी पेपर, आन् त्यात पास झालं तर मैदानावर खऱ्या खेळात उभं करून बघायचे.

आता एवढ्याशा कायद्याच्या पुस्तकाचा पेपर, त्यात काय अवघड. पर भावजीची गोष्ट निराळी व्हती. त्यायला उत्तरं सगळी यायची. त्यायचं भांडन प्रश्नाशी व्हतं.

तसा त्यायचा सभावच. लग्नाच्या पंगतीत वाढपी एका टोकाकडून वाढत आला की हे म्हनायचे, आता दुसऱ्या वाढनीला त्या टोकाकडून सुरू करा, त्यायलाबी बुंदी गरम मिळू द्या. वाढपी वैतागायचा, पर टोक बदलायचा. एकदा सोसायटीची सभा भरलती. कशाचा तरी ठराव व्हता, सगळ्यायनं हात वर केले, चेअरमन म्हनले मंजूर. भावजी उठले. म्हनले, दारात जे उभे हायती त्यायचा एक पाय आत हाय आन् एक भाईर, त्यायचा हात धरायचा का न्हाई ते आदी ठरवा. चेअरमन म्हनले, "भानुदास, खाली बस की बे." हे बसले, पर बसता बसता म्हनले की बसलेल्याचा हात तरी मोजा. सगळी सभा हसली. चेअरमनबी हसले, आन् हात परत मोजले. ठराव तसाच मंजूर झाला. मंग ह्यो सगळा उपद्व्याप कशाला केला, म्हनून माझ्या मालकानं इचारलं. तर म्हनले, आता त्यो नीट मंजूर झाला.

पैल्या पेपरात प्रश्न आला, चढाई करनाऱ्याचा पाय राखीव पट्ट्यात पडला तर त्यो बाद का नाबाद. राखीव पट्टा म्हंजे मैदानाच्या दोन्ही कडंला एक एक पट्टी असती. झटापट सुरू व्हईस्तवर तिथं कुनी पाय ठिवायचा न्हाई, ठिवला की बाद. झटापट सुरू झाली की ती पट्टी खुली. हे मला आजबी पाठ हाय, म्या कधी मैदानात उतरले न्हाई तरी. भावजीनं उत्तर लिव्हलं, प्रश्न अर्धाच हाय, झटापट सुरू झालती का न्हाई ते प्रश्न काढनाऱ्यानं सांगितलं न्हाई, त्येनं आदी एक सामना बघून यावं. असंच पाच-सात प्रश्नाला लिव्हून आले. नापास.

दुसऱ्या वर्साला अंबाजोगाईला एका शाळंत पेपर व्हता. ह्या बारीला त्यायनं प्रश्नाला काही म्हनलं न्हाई. पर बाकं अशी व्हती की खिडकीजवळच्यायला उजेड आन् वारा, आन् भितीकडच्यायला अंधार. निम्मा वकत झाला तसे भावजी उठून उभे ऱ्हायले आन् म्हनले, मध्यंतर झालं, आता बाजू बदला. कबड्डीत निम्म्या खेळाला दोन्ही टोळ्या मैदानाच्या बाजू बदलत्यात ना, तसं. पाळतीवरच्या मास्तरनं इचारलं, तुम्ही स्वतः कुठं बसलात? हे बसले व्हते खिडकीपाशी. मास्तरला कळंना की ह्यो मानूस आपला उजेड दुसऱ्याला द्यायला कशापायी भांडतोय. शेवटी त्येनं ह्यायला भाईर काढलं. परत नापास. गावात आल्यावर म्हनले, वैनी, भितीकडच्या पोरायलाबी माझं पटलं न्हाई, एवढंच वाईट वाटलं.

पारू, त्यायची बायको, ह्या सगळ्याला हसायची. मला आक्का म्हनायची. लई कामाची बाई, तोंडानं कमी, हातानं जास्ती. पर मंग मोठा दुस्काळ पडला आन् तिचं हसू आटलं.

त्या दुस्काळाचं काय सांगू. हिरी तळाला गेल्या. आमी बाया उतरंड लावून हिरीच्या पायऱ्यावर बसायचो, खाली वाटीनं पानी भरायचं आन् हातोहात वर द्यायचं. घागर भरंस्तवर दिस डोक्यावर. खायला तांबडी मिलो जवारी, तिची भाकर कितीबी थापा, कडा फाटायच्याच. सगळं गाव तलावाच्या कामावर खडी फोडायला. तिथं दुपारी सरकारची सुकडी, गोड पिठाची भुकटी, मिळायची. ल्हान लेकरं तिच्यावरच जगली. त्यात रडन्यासारखं लई व्हतं, पर रडायला बसलं की हात थांबायचा, आन् हात थांबला की खडीचं माप भरत नव्हतं.

भावजीबी आमच्यासंगं खडी फोडायला. सुकडीच्या सुट्टीत ते कमरंचं कायद्याचं पुस्तक काढायचे. वरचं पान कवाच गळालेलं. सपाट दगडावर काळे सात आन् पांढरे सात खडे मांडायचे आन् आमा बायायला सांगायचे, इचारा मला काहीबी. आमाला पानी कुठून आनायचं ही फिकीर, ह्यायला राखीव पट्ट्याची. पर बसल्या जागी करमनूक व्हायची. आमी खडे सरकवायचो, हे फैसला द्यायचे. एकदा पारूनं मुद्दाम एक पांढरा खडा उचलून पदरात टाकला आन् इचारलं, आता काय. भावजीनं लई इचार केला. म्हनले, गडी मैदान सोडून गेला, पर कुनाच्या पदरात गेला ते पुस्तकात न्हाई. आमी हसून हसून सुकडी सांडली. त्या दुस्काळातलं तेवढं हसनं मला याद हाय.

आन् मंग कारखान्याची बातमी आली. तेलगावच्या बाजूला सहकारी साखर कारखाना नवाच झालता. उसाचा पत्ता न्हाई, चिमनी थंड, पर तिथल्या चेअरमनला खेळाचा भारी नाद. त्यायनं काढलं की कारखान्याच्या मैदानावर एक कायमचा मानूस ठिवायचा. पंचाच्या परीक्षेत ह्या बारीला ज्येला सगळ्यात जास्ती गुन, त्येला घ्यायचं. ऱ्हायला खोली. आन् खोलीत नळ.

नळ ऐकल्यावर पारू फोडायची थांबली. हातोडा तसाच गुडघ्यावर. मला म्हनली, आक्का, घरात नळ असतोय म्हंजे घागर खाली ठिवली की भरती? म्या म्हनलं, आसं ऐकलंय बाई. तवा तिच्या पोटात तिसरं व्हतं, सातवा लागलता. हिरीच्या पायऱ्या उतरताना तिला धरावं लागायचं.

त्या सांजंला तिनं भावजीला भाकरीवर हात ठिवायला लावला. म्या भितीपल्ल्याड, सगळं ऐकू यायचं. म्हनली, शपथ घ्या. पेपरात जे इचारलंय त्येचं उत्तर लिव्हायचं. प्रश्न चूक असू द्या, बाक मोडकं असू द्या, मास्तर झोपलेला असू द्या. तुमी तकरार करायची न्हाई. भावजीनं मिलोच्या फाटक्या भाकरीवर हात ठिवून शपथ घेतली. त्यायच्यासाठी ते किती अवघड व्हतं ते मलाच माहीत.

आन् त्यायनं ती पाळली. लेखी पेपरला गेले, खाली मान घालून लिव्हलं, कुनाला काही न बोलता आले. म्या इचारलं कसा झाला. म्हनले, वैनी, चवथा प्रश्न ऐकून तुमालाबी राग आला असता. पर लिव्हलं उत्तर. पास झाले. आता मैदानावरची परीक्षा ऱ्हायलती, ती कारखान्याच्याच मैदानावर. त्या दिशी कामाला सुट्टी व्हती, म्हनून पारू आन् म्या दोघीबी चालत गेलो. कडंला बाभळीखाली बसलो.

परीक्षा घ्यायला अंबाजोगाईचे एक सर आलते. पिकलेले केस, काळी छत्री, खुर्चीवर बसलेले. वाईट मानूस न्हवता, ते आदीच सांगते. मैदानात आखायला चुना न्हवता, म्हनून इटभट्टीची जुनी राख वापरलती. एरवी पानी शिंपडून मैदान बसवत्यात. त्या साली प्यायला पानी न्हाई तर मैदानाला कोन घालतंय. सगळा फुफाटा, आन् सकाळपून वारा.

दोघं दोघं पंच उभे करायचे, एक ह्या कडंला, एक त्या कडंला. भावजीच्या जोडीला तेलगावचा सुदाम नावाचा गडी पडला. बुटका, गरीब चेहऱ्याचा, ह्योबी कुठं तरी खडीच फोडीत असनार, हाताला तसेच फोड. लेखीत सगळ्यात वर हे दोघंच व्हते. म्हंजे नळ ह्यायच्यापैकीच कुनाच्या तरी घरात वाहनार.

भावजीची पाळी आदी झाली. काय उभं ऱ्हायले. गुडघा वढीत चढाई करनाऱ्याच्या संगं सरकायचे, मान खाली, कान त्येच्या तोंडाकडं, दम सुटतोय का ऐकत. एकबी फैसला चुकला न्हाई. सर खुर्चीवरून मान डोलवत व्हते. पारूनं माझा हात धरला व्हता.

मंग सुदामची पाळी. भावजीनं तवा आपल्या कडंला नुसतं उभं ऱ्हायचं व्हतं. एक गडी चढाईला गेला, त्येला चौघांनी धरला. त्यो सगळ्यायला वढत मधल्या रेघंकडं आला आन् पालथा पडून एक हात म्होरं टाकला. हात रेघंला लागला तर त्यो वाचला, न्हाई तर बाद. सुदामनं हात बघितला आन् नाबाद दिलं. सर खुर्चीवरून म्हनले, चूक, हात रेघेच्या अलीकडं आहे, इथून दिसतंय. आन् गुन कापले. सुदाम बोलायची सवय नसलेला गडी, मान खाली घातली.

झालं, नळ आमच्या पारूचा झाला. आता भावजीनं काही करायचं न्हवतं. गप उभं ऱ्हायचं, बस.

मधल्या रेघंच्या दोन्ही टोकाला खुंट्या ठोकलेल्या व्हत्या. भावजीनं त्या कडंच्या खुंटीकडं बघितलं. मंग ह्या कडंच्या खुंटीकडं. मंग पारूकडं. पारूनं मान हलवली, एवढीशीच, न्हाई म्हनून. भावजीनं मान खाली घातली. म्या म्हनलं सुटलो. आन् तेवढ्यात त्यायचा वढका पाय मधल्या रेघंकडं निघाला.

"सर, एक इचारतो."

सर म्हनले, तुमची परीक्षा झाली, तुमचा आता काय संबंध.

"माझी झाली म्हनूनच इचारतो. माझी चालू असती तर गप बसलो असतो, मला शपथ हाय. मधली रेघ कुठं हाय?"

सरांनी छत्रीचं टोक दाखवलं. ही काय समोर.

"ती राख हाय, सर. रेघ ह्या खुंटीपून त्या खुंटीपत्तुर हाय. वारा सकाळपून राख पल्ल्याड लोटायलाय."

लोकं हसली. पर सर उठले. कुनी तरी पोत्याची सुतळी आनली, दोन्ही खुंट्यायला ताणून बांधली. राखेची रेघ मधी पोटावानी फुगून पल्ल्याड गेलती. आन् सुतळीच्या पल्ल्याड, फुफाट्यात, त्या गड्याची पाच बोटं उमटलेली. सगळी दिसत व्हती, करंगळीसुद्धा.

सर छत्री टेकवून वाकले, बराच येळ बघितलं. मंग सुदामला म्हनले, तुझं बरोबर, माझं चुकलं, आन् कापलेले गुन परत लिव्हले. लिव्हता लिव्हता हळूच भावजीला म्हनले, यानं काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?

"कळतंय, सर. पर हात पल्ल्याड हाय."

दोघंबी पास झाले. लेखीचे धरून सुदामला जरासे जास्ती पडले. खोली त्येला मिळाली.

येताना पारू म्होरं, आमी मागं. लई लांब गेल्यावर तिनं मागं न बघता म्हनलं, भाकरीवर हात ठिवलता तुमी. भावजी म्हनले, "माझ्या पेपराची शपथ घेतलती. त्येच्या पेपराची कुठं घेतलती."

त्येच्यानंतर पारू त्यायच्याशी बोलायची बंद झाली. भांडन न्हाई, आदळआपट न्हाई, नुसतं बंद. काही सांगायचं झालं की भितीवरून मला हाक. आक्का, त्यायला सांगा, भाकर झाकून ठिवलीय. भावजी दोन हातावर बसलेले. ते म्हनायचे, वैनी, सांगा तिला, दिसली. मालक म्हनायचे, तू आता त्यायची मधली पंच झालीस, शिट्टी घेऊन बस.

एका दुपारी भावजीनं मला इचारलं, वैनी, म्या चुकलो का? म्या काय शिकलेली न्हाई, पर जे दिसलं ते सांगितलं. म्हनलं, भावजी, तुमी चुकले न्हाई. पर पायऱ्या तिलाच उतराव्या लागत्यात. दुसऱ्या दिसापून हिरीवर बायायच्या रांगंत घागर घेऊन एक बाप्या. गुडघा वढीत पायऱ्या उतरायचे, चढताना निम्मं पानी धोतरावर. पारावरचे गडी म्हनायचे, काय बे भानुदास, पंचाची परीक्षा दिली आन् पानक्याची नोकरी लागली का? हे म्हनायचे, व्हय, आन् रांग मोडून कुनी म्होरं घुसलं तर बाद देईन. खरंच दिलं एकदा, पाटलाच्या बाईला. ती बिचारी मागं जाऊन उभी ऱ्हायली.

पारू पानी घ्यायची, पर बोलायची न्हाई.

पुढं दुस्काळ सरला, भावजी पंच म्हनून केज, नांदूरघाट, अंबाजोगाई, सगळीकडं फिरले आसं ऐकलं. पारूला पोरगी झाली, तीबी चांगली. आता दोघंबी न्हाईत. पर मला ह्यातलं काही बघायला मिळालं न्हाई, कारन आमी त्याच साली गाव सोडलं. मालकाला दुसरीकडं कालव्याचं काम मिळालं. निघायच्या आदल्या दिशी म्या शेवटचं खडी फोडायला गेलते, तेच माझं त्यायला शेवटचं बघनं.

त्या दिशी माप व्हतं. बिनबुडाची एक लाकडी चौकट जमिनीवर ठिवायची, तिच्यात आपली खडी भरायची. काठापत्तुर भरली की एक माप. पर मुकादम लबाड. काठाच्या वर शीग लावायचा आन् वर लाथ मारून म्हनायचा, बसली, आजून टाक. कोन बोलतंय, बोललं की हजेरीतून नाव कटायचं. पारूची पाळी आली. नववा लागलेला, पोट म्होरं, वाकताना कमरंवर हात. मुकादमानं तिच्या मापावरबी शीग लावली.

भावजी शेजारच्या ढिगावर. त्यायनं तोंड उघडलेलं म्या बघितलं. म्या म्हनलं, आता हे बोलनार, आन् दोघायचंबी नाव कटनार. पर त्यायच्या आदी पारू उठली.

"मुकादम, वरून फळी फिरवा."

मुकादम म्हनला, कशाला.

"चौकट कशाला ठिवलीय मंग? काठापत्तुर तुमचं माप. काठाच्या वर हाय त्यो माझा दगड."

सगळे हातोडे थांबले. मुकादम तिच्याकडं बघून म्हनला, तुझ्या नवऱ्यानं शिकवलं व्हय गं हे? पारू म्हनली, "त्यायचं-माझं बोलनं बंद हाय."

आदी एक बाई फिस्कन हसली, मंग सगळ्या. एवढ्या बाया हसायल्यावर मुकादम कुनाकुनाचं नाव कापनार. त्यो बडबडत फळी आनायला गेला. फळी काठावरून फिरवली, वरचे दगड खडाखडा पारूच्या पायाशी पडले.

मला वाटलं, आता भावजी एखादा कायदा सांगनार. पर ते पाय वढीत चौकटीपाशी आले, मान खाली घालून चारी काठ बघितले, एक एक करून. मंग सरळ उभे ऱ्हायले आन् पंच गुन देतोय तसा पारूच्या बाजूला हात वर केला.

पारूनं पदर सावरला. इकडंतिकडं बघितलं. मंग माझ्याकडं न्हाई, नीट त्यायच्याकडं बघून म्हनली, "आवं, हात खाली घ्या, लोकं बघायल्यात."

भावजीनं हात खाली घेतला न्हाई.